टाचणी खुपसण्याआधी

पूर्वी मुंबईहून चाकरमानी आले की ओटीवर पिशव्या टेकवून आधी पाणी मागायचे. आता वाय-फायचा पासवर्ड मागतात. गेल्या गणपतीत घरात चौदा माणसं, आणि पासवर्ड कुणालाच आठवेना. मी तो लिहून ठेवला होता, पण जुन्या कॅलेंडरच्या पानामागे. ती पानं मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांत पेंढ्यावर अंथरली गेली. म्हणजे आमचा पासवर्ड हापूसबरोबर वाशीच्या मार्केटात पोचला होता.

पुतण्या इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "काकू, थांब, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला, माझ्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली आणि राउटरच्या, म्हणजे वाय-फायच्या डब्याच्या, मागच्या भोकात खुपसली. दिवे विझले, पुन्हा लागले, आणि इंटरनेट जे गेलं ते गौरी-गणपती विसर्जनापर्यंत आलं नाही. फायबर जोडून देणारा पोरगा त्याच्या घरच्या आरतीत, त्याला तरी कुठल्या तोंडाने बोलावणार?

नंतर तो फायबरवाला पोरगा आला तेव्हा मी शेजारी स्टूल घेऊन बसले आणि सगळं समजून घेतलं. आमच्या कोकणात, आंजर्ल्याच्या बाजूला पावसाळ्यात माणूस लगेच येईल याचा भरवसा नसतो, म्हणून पासवर्ड हरवला तर काय करायचं ते लिहिते आहे.

पहिली गोष्ट, पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा, जो पाहुणे मागतात. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा. घरात एकही फोन किंवा लॅपटॉप अजून वाय-फायला जोडलेला असेल तर पहिला पासवर्ड हरवलेलाच नाही, तो त्या यंत्रात बसलेला आहे. अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नावावर बोट ठेवा, 'शेअर' दाबा. फोन तुमचा अंगठा किंवा पिन मागेल आणि चौकोनी क्यूआर कोड दाखवेल. बऱ्याच फोनांत त्याच्या खालीच पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. नसला तरी दुसऱ्या फोनने तो कोड स्कॅन केला की काम झालं. आयफोनमध्ये आयओएस 16 पासून वाय-फायच्या नावापुढच्या 'आय' (i) या खुणेवर गेलं की पासवर्ड दिसतो. विंडोज 11 मध्येही वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये तो पाहता येतो.

त्या दिवशी आमच्या यजमानांचा फोन माजघरात चार्जिंगला लावलेला होता, वाय-फायला जोडलेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाचणी मात्र लगेच सापडली.

आता दुसरा पासवर्ड. राउटर उलटा करून तळाचं स्टिकर वाचा. तिथे पत्ता असतो, बहुतेक वेळा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, आणि खाली युजरनेम व पासवर्ड. आमच्याकडे खाऱ्या दमट हवेत ही अक्षरं उडतात. राउटर नवीन असतानाच स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पत्ता वाचता आला नाही तर फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' असं लिहिलेलं असतं, तोच आकडा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो टाका, की लॉगिनचं पान येईल.

येत नसेल तर मोबाइल डेटा बंद करा. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन हळूच सिमकडे वळतो आणि मग हे पान काही केल्या उघडत नाही. आम्ही अर्धा तास यातच घालवला. शिवाय राउटर पडवीत आणि आम्ही मागच्या खोलीत, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती. जांभ्याची जाड भिंत वाय-फाय चांगलंच अडवते. राउटरच्या जवळ बसा, जमलं तर लॅपटॉपला केबलच लावा.

स्टिकरवरचा पासवर्ड चालला नाही, तर कुणीतरी तो बदललेला आहे. अंदाजाने दहा-दहा वेळा टाकू नका, पुष्कळ राउटर चार-पाच चुकांनंतर काही मिनिटं कुलूप लावून बसतात. ज्याने राउटर बसवला त्याला आधी विचारा. आमच्याकडे त्याने तो फायबर कनेक्शनच्या कागदावरच लिहून दिला होता, आणि तो कागद वीजबिलांच्या फाइलीत होता.

एवढं करूनही उपाय नसेल तर रिसेट, म्हणजे राउटरमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा कोरा करणं. पण आधी राउटरमागे नीट बघा. पातळ, बहुधा पिवळी फायबर थेट त्याच डब्यात शिरते, की वेगळ्या छोट्या डब्यात जाऊन तिथून साधी केबल राउटरला येते? दोन डबे असतील तर फक्त राउटर रिसेट करायचा. फायबरच्या डब्याला हात लावायचा नाही. सगळं एकाच डब्यात असेल (आमचं तसं आहे) तर रिसेटमध्ये कनेक्शनची माहितीही पुसली जाते. ती म्हणजे पीपीपीओईचं (राउटर कंपनीकडे ज्याने लॉगिन होतो त्याचं) युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि काही ठिकाणी व्हीलॅनचा (कंपनीने लाइनला दिलेला) नंबर. ही माहिती कंपनीला फोन करून आधी कागदावर उतरवून घ्या. ते केलं नाही, हीच आमची चूक झाली.

आणि 'एलओएस'चा (फायबरमधून सिग्नल येत नाही हे सांगणारा) दिवा लाल लुकलुकत असेल तर पासवर्डचा काही संबंध नाही. फायबर कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. वादळी पावसात माड पडला की असं होतं. तिथे रिसेट करून उगाच दोन दुखणी करून घ्याल.

रिसेट करताना राउटर चालू हवा. टाचणीपेक्षा कागदाची क्लिप सरळ करून घ्या. भोकातलं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदम बदलले की सोडा. नुसतं टोचून सोडलं तर काही होत नाही किंवा राउटर फक्त पुन्हा चालू होतो. मग दोन-तीन मिनिटं काही करू नका. मध्येच वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरवर असताना करा, आमच्याकडे विजेचा काही नेम नसतो.

वाय-फायचं नाव आता स्टिकरवरचं झालेलं असेल. त्याला जोडा, तोच 192 वाला पत्ता उघडा, आत शिरा. काही नवे राउटर इथे तुम्हालाच नवा पासवर्ड ठरवायला सांगतात. 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाच्या भागात पीपीपीओईची माहिती भरा, मोठी-लहान अक्षरं जशीच्या तशी. मग वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पूर्वीचेच आठवत असतील तर तेच ठेवा. घरातले सगळे फोन, टीव्ही आपोआप जोडले जातात, प्रत्येकाच्या मागे फिरावं लागत नाही. नवा ठेवायचा तर निदान आठ अक्षरं लागतात. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड मात्र स्टिकरवरचा ठेवू नका, ते स्टिकर पडवीत येणाऱ्या कुणालाही वाचता येतं.

शेवटी 'बॅकअप' नावाचं बटण शोधून सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवा. पुन्हा कुणी टाचणी आणली तर ती फाइल परत चढवता येते.

आमचे पासवर्ड आता फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला आहेत, पेन्सिलीने लिहिलेले. बॉलपेनची शाई पावसाळ्यात फुटते, पेन्सिल टिकते. पाहुण्यांसाठी सेटिंगमध्ये वेगळं 'गेस्ट' वाय-फाय सुरू करून घेतलंय. त्याचा पासवर्ड ओटीवर खडूने लिहिते आणि विसर्जन झालं की पुसून टाकते.