नेत्यावरची केस खरी का राजकीय, हे ओळखायचं कसं

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर चहाला उभं राहिलं की हा वाद ठरलेलाच, अमक्याला आत टाकला ते बरोबर का सूड, आणि जो तो आपल्या पक्षाप्रमाणे बोलून मोकळा. तर आधी माणूस दोषी आहे का हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, कारण खऱ्या चोरावरची केससुद्धा राजकीय असू शकते.

पहिलं काम म्हणजे तारखा शेजारी शेजारी लिहून काढा. पाकिस्तानात ८ फेब्रुवारी २०२४ ला मतदान, आणि इम्रान खानला ३० जानेवारी, ३१ जानेवारी, ३ फेब्रुवारी अशा तीन शिक्षा पाठोपाठ. तुर्कीत इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर आणि राष्ट्राध्यक्षपदासाठीचे विरोधी नेते इमामोग्लू यांची डिग्री १८ मार्च २०२५ ला रद्द झाली आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी उचललं, आणि तिथे राष्ट्राध्यक्ष व्हायला डिग्री लागते.

मग निकाल कोणी दिला ते बघा. टिळकांचा १९०८ चा खटला आपल्याला शाळेपासून माहितीये, पण ज्युरी कोण होती ते बघितलंय का? केसरीतले लेख मराठीत आणि ज्युरीत ७ युरोपियन, २ पारशी, सगळा खेळ भाषांतरावर, निकाल ७ विरुद्ध २. याच्या उलट दक्षिण कोरियात २०१७ ला राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना घटना न्यायालयाने ८-० ने पदावरून काढलं, त्यात त्यांनीच नेमलेले जज पण होते, अशा निकालावर मी विश्वास ठेवतो.

देश आधीच डळमळीत असेल तर जास्त बारकाईने बघा, तिथे निकालातून माणसं मरतात. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये २०१० ला निवडणूक आयोगाने विरोधी उमेदवार वाटारांना विजयी जाहीर केलं, घटना परिषदेने उत्तरेतली मतंच रद्द करून सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्ष बाग्बोंना जिंकवलं, परिषदेचा प्रमुख बाग्बोंचाच माणूस, आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३,००० लोक गेले.

आणि सत्ता बदलली म्हणून फाईल बंद करू नका, तेच हत्यार नंतर कोण उचलतं ते पण नोंदवा. ज्या वाटारांना २००० साली राष्ट्रीयत्वाच्या मुद्द्यावर कोर्टाने निवडणुकीतून बाद केलं होतं, त्यांच्याच राजवटीत एप्रिल २०२५ मध्ये विरोधी नेते तिजान थियाम यांचं नाव राष्ट्रीयत्वाच्याच मुद्द्यावर कोर्टाने मतदारयादीतून काढलं, आणि वाटारा चौथ्यांदा निवडून आले.