सायडरसाठी सफरचंद लावताय? रोपे मागवण्याआधी वाण पक्के करा

ऑक्टोबर सरत आला की इंग्लंडातल्या हेरफर्डशर, सॉमरसेटकडच्या जुन्या बागांत झाडाखाली सफरचंदांचा सडा पडतो. नवी झाडे मागवायचीही हीच वेळ. मातीविना, उघड्या मुळांनी येणारी रोपे इंग्लंडमध्ये नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे झाड झोपलेले असताना लावतात. सायडरचे, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याचे, चांगले वाण रोपवाटिकांत लवकर संपतात, म्हणून मागणी आत्ताच नोंदवा.

इकडे घरामागे थोडी जागा असलेली आपली मराठी मंडळी हल्ली बरीच विचारतात, "घरची सायडर करायची आहे, कोणतं झाड लावू?" आणि मनात बहुधा गाला किंवा ब्रेबर्न ठरलेले असते. खायला गोड, म्हणजे सायडरलाही चांगले, असा हिशेब. हापूस कापून खायचा आणि रायवळ चोखून खायचा, हे ज्याच्या घरी चालत आले आहे, त्याला एका फळाच्या दोन कामांचा फरक समजावून सांगावा लागू नये. गालाच्या रसातली साखर आंबताना संपते आणि मागे पातळ, आंबूस पाणी उरते. सायडरला अंग येते ते तुरटपणाने, टॅनिनने. कच्चे जांभूळ किंवा काजूचे बोंड चावल्यावर जीभ जशी आवळते, तसे सायडरचे खरे सफरचंद पहिल्या घासालाच थुंकावेसे वाटते. तेच आपल्याला हवे.

ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात १९०३ साली या फळांची वर्गवारी ठरली आणि ती आजही चालते. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांहून जास्त आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून कमी असेल तर फळ आंबट. दोन्ही जास्त असतील तर तुरट-आंबट. आम्ल कमी आणि टॅनिन जास्त, तर तुरट-गोड. दोन्ही कमी, तर नुसते गोड. रोपवाटिकेच्या यादीत वाणापुढे हा गट लिहिलेला असतो. नावाआधी तो वाचा.

एकच झाड लावणार असाल तर माझे मत डॅबिनेटला. सॉमरसेटचे हे तुरट-गोड वाण बऱ्यापैकी नेमाने फळते, बहुतांशी स्वतःच्या परागावर भागवते आणि त्याचा तुरटपणा मऊ असतो. याला पोटॅशची कमतरता मात्र लवकर जाणवते. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या तर आधी तिकडे लक्ष द्या. यार्लिंग्टन मिलही तुरट-गोडच, चवीला फार सुरेख, पण वर्षाआड बहर धरणारे. एका वर्षी फांद्या मोडतील इतकी फळे, दुसऱ्या वर्षी टोपलीभरही नाहीत. जूनमधली नैसर्गिक फळगळ झाली की उरलेली फळे हाताने विरळ करा, म्हणजे ही खोड थोडी आटोक्यात येते.

किंग्स्टन ब्लॅकचे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते, कारण या एकट्या फळाची सायडर तोल सांभाळून उतरते. पण पीक कमी आणि खोडावर कँकरचा, म्हणजे साल कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगाचा, त्रास जास्त. पहिले झाड म्हणून ते घेऊ नका, तिसरे किंवा चौथे म्हणून घ्या. आंबटासाठी डेव्हनचे ब्राउन्स ॲपल चांगले. शेजाऱ्याकडे ब्रॅम्ली, म्हणजे शिजवून खायचे आंबट सफरचंद, असेल, आणि इंग्लंडात तो बहुधा असतोच, तर आंबट फळ विकत घ्यायलाही नको. फक्त त्याच्या परागाच्या भरवशावर राहू नका. ब्रॅम्ली त्रिगुणित आहे, म्हणजे त्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्याचा पराग दुसऱ्या झाडाच्या कामाचा नसतो.

आंबटाचा एवढा आग्रह का, तर सामूसाठी, म्हणजे पीएचसाठी. तुरट-गोड फळांचा रस पुष्कळदा ३.८ सामूच्या वर जातो आणि मग पिंपात नको ते जिवाणू वाढतात. आंबट रस मिसळून सामू ३.८ च्या खाली आणा. जीभ फसते, म्हणून सामूपट्टी जवळ ठेवा.

आता खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचे झाड. परसात एमएम १०६ या मध्यम वाढीच्या खुंटावर बांधलेले कलम घ्या, दोन झाडांत चार-साडेचार मीटर अंतर ठेवा. मोठी जागा असेल आणि खाली मेंढ्या चारायच्या असतील तर एम २५ हा जोमदार खुंट, पण त्याला सात-आठ मीटर लागतात. मी पहिले डॅबिनेट एमएम १०६ वर घेतले आणि हिवाळ्यात पाणी साचते त्या खालच्या कोपऱ्यात लावले. तिसऱ्या वर्षी बुंध्याची साल कुजली, झाड गेले. हा खुंट तुंबलेल्या जमिनीत बुंधासडीला बळी पडतो. तेव्हा खड्डा खणण्याआधी मोठ्या पावसानंतर जागा पाहून घ्या. कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहू द्या, खुंटी ठोकून झाड सैल बांधा आणि बुंध्याभोवती मीटरभर गवत वाढू देऊ नका. शेणखत सढळ हाताने घालण्याची आपली सवय इथे आवरा. नत्र जास्त झाले की झाड पानांवर जाते आणि फळातला तुरटपणा उतरतो.

हेरफर्डशरमध्ये सफरचंदावर बांडगूळ फार. आपल्याकडे आंब्यावर होते तसेच. नाताळात दाराला टांगायला इथे त्याला गिऱ्हाईक असते, टेनबरी वेल्सला त्याचा लिलाव भरतो. पण तरुण झाडावर दिसले तर फांदीसकट काढा.

ज्यांची झाडे आधीच फळताहेत त्यांनी घाई करू नये. डॅबिनेट नोव्हेंबरमध्ये तयार होते. फळे झाडावरून आपोआप पडू द्या, मग दोन-तीन आठवडे हवेशीर जागी रचून ठेवा. अंगठा दाबला की खळगा पडला, म्हणजे गाळायला तयार. खाली जनावरे चरत असतील तर फळे गोळा करण्याआधी किमान आठ आठवडे ती बाहेर काढा. डाग किंवा ओरखडा चालतो, कुजके फळ एकही नको, कारण त्यातल्या बुरशीपासून पॅट्युलिन हे विष तयार होते. घरच्या साध्या दाबयंत्रावर १० किलो फळांतून पाच-सहा लिटर रस धरा. रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०५० आले तर पूर्ण आंबल्यावर मद्यार्क साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाईल. रस लोखंडी भांड्यात मुळीच ठेवू नका. टॅनिन आणि लोह एकत्र आले की रस काळा पडतो. स्टील किंवा खाद्यदर्जाचे प्लॅस्टिक वापरा.

गावाकडून कोणी विचारले, "आमच्याकडे एचआरएमएन-९९ लावलंय, त्याच्याबरोबर डॅबिनेटही लावू का?" तर नाही म्हणून सांगा. हिमाचलचे ते वाण कमी थंडीत फुलते म्हणूनच महाराष्ट्रात टिकते. सायडरच्या या झाडांना लांबलचक थंडी लागते, ती आपल्या पठारावर मिळत नाही.