धर्मावर बोलायचंय? मुलांना एका वस्तूसमोर बसवा

मी तरुण मुलामुलींचे गट संग्रहालयात नेते. धर्माचा विषय निघाला की ती एकतर गप्प होतात, नाहीतर घरी ऐकलेलंच बोलतात. समोर वस्तू असली की मात्र बोलती होतात. म्हणून अख्खं संग्रहालय पालथं घालू नका. एकच वस्तू निवडा, शक्यतो एकाहून अधिक धर्मांच्या लोकांनी हाताळलेली. जाणं जमत नसेल तर संकेतस्थळावरचा मोठा फोटोही चालतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं 'सेंट लुईचं बाप्तिस्मापात्र' घ्या. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी. पितळेचं मोठं घंगाळ, त्यावर सोन्याचांदीचं जडावकाम, बाहेर घोडेस्वार आणि दरबारी, आत तळाशी मासेच मासे. इजिप्त किंवा सीरियात, मामलुक राजवटीत, १३२०-४० च्या सुमारास मुहम्मद इब्न अल-झैननं ते घडवलं आणि सहा ठिकाणी आपलं नाव कोरलं. पुढे ते फ्रान्सच्या राजघराण्याकडे आलं आणि १६०६ मध्ये भावी राजा तेरावा लुई याच्या बाप्तिस्म्याला वापरलं गेलं.

माहितीची पाटी आधी वाचू देऊ नका. दहा मिनिटं नुसतं बघू द्या, पेन्सिलीनं रेखाटू द्या. मासे काढताना कुणीतरी म्हणतंच, 'यात पाणी भरत असणार.' तिथून गप्पा सुरू होतात. मग पाटी वाचा आणि विचारा: मुस्लिम कारागिराचं नाव असलेलं पात्र ख्रिस्ती राजघराण्यानं इतक्या पवित्र विधीला का घेतलं असेल? उत्तर तुम्ही देऊ नका.

एका नियमावर मी ठाम असते. 'आमच्या घरी असं करतात' म्हणायचं, 'त्यांच्यात असं असतं' नाही. कुणालाही आपल्या धर्माचा वकील व्हायला लावू नका. ज्याला बोलायचं नाही, त्यानं नुसतं ऐकावं. वस्तू इथवर आली कशी, लुटीतून तर नाही ना, हेही विचारू द्या. पूजेतली मूर्ती काचेआड बघून एखाद्याला वाईट वाटलं, तर त्याची समजूत घालायची घाई नको.

पुढच्या वेळी बोस्नियातल्या सारायेव्होची हग्गादा घ्या. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये तयार झालेलं हे सचित्र ज्यू हस्तलिखित वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं. पानांवर वाइनचे डाग आहेत. १९४२ मध्ये नाझींपासून ते वाचवलं दर्विश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालानं.

शेवटी प्रत्येकानं दुसऱ्या धर्माच्या एका वस्तूसाठी चार ओळींची पाटी लिहायची, त्या धर्माच्या मित्राला किंवा मैत्रिणीला दाखवायची आणि त्यांना खटकलेलं दोघांनी मिळून पुन्हा लिहायचं.