मंडळाचा गणपतीचा बॅनर घरी कसा करायचा (मराठी-कन्नड दोन्ही)

आमच्या बेळगावात बॅनर म्हटलं की पंधरा फोटो, सहा रंग आणि मधे कुठंतरी गणपती. गेल्या वर्षी आमच्या गल्लीचा असलाच बॅनर मीच केला होता, म्हणून हक्कानं बोलतोय.

आधी मोबाईल बाजूला ठेवा. वहीत काडेपेटीएवढे पाच-सहा चौकोन काढा, त्यात पेन्सिलनं नुसते आकार बसवा, मूर्तीच्या जागी गोल, मजकुराच्या जागी पट्टी, अक्षरं नकोत. एकच गोष्ट मोठी ठेवायची, बाकी सगळ्यांनी गप बसायचं.

मग तोल. किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन वर छत बघा, 1204 सालचं जैन देऊळ, मधे दगडी कमळ आणि पाकळ्या फिरत फिरत बाहेर जातात, एकच आकार परत परत आला की लय कशी येते ते तिथं लगेच कळतं. पण बॅनर असा चारी बाजूंनी सारखा केला तर लग्नपत्रिका वाटते बघा. मूर्ती एका बाजूला घ्या, दुसऱ्या बाजूला थोडका मजकूर आणि भरपूर मोकळी जागा. मोकळ्या जागेला पण वजन असतंय.

खरी गंमत दोन लिप्यांत आहे. मराठीला वरून शिरोरेषेची सरळ आडवी रेघ, कन्नड अक्षरं गोल गोल, त्यात ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, खाली लोंबतात, त्यामुळं दोन्हीला एकच फॉन्ट साइज दिली तरी डोळ्याला सारखी दिसत नाहीत, आकडा बघू नका, डोळ्यानं जुळवा. कन्नड ओळींमधे अंतर जरा जास्तच सोडा. आणि दोन्हीची जाडी सारखी ठेवा, नाहीतर एक भाषा ओरडतेय नि दुसरी कुजबुजतेय असं होतं.

रंग तीनच. लालावर भगवी अक्षरं मी केली होती, लांबून काहीच दिसेना! रंग वेगळे असले तरी उजेड-अंधार सारखाच पडला ना. डिझाइनचा स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, अक्षरं गायब झाली तर रंग बदला.

शेवटी ए-फोर प्रिंट काढून गेटला चिकटवा, लांब जाऊन डोळे बारीक करून बघा, पहिल्यांदा काय दिसतंय ते.

देणगीदारांचे फोटो राहिले की! ते खाली एका ओळीत, सगळे एकाच मापाचे, अध्यक्षांचा पण. त्यावरून होणारं भांडण तुमचं तुम्ही मिटवा.