प्लॅन वाढवू नका, आधी चॅनल बघा

सदाशिव पेठेत माझी 60 खुर्च्यांची अभ्यासिका आहे. संध्याकाळचे सात वाजले की स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं सुरू व्हायचं, "काका, नेट अडकतंय." मी 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा केला. फरक शून्य. शेवटी राउटरला केबलने लॅपटॉप जोडला, तर 300 पूर्ण मिळत होते. अडत होतं ते हवेत.

ही चाचणी तुम्हीही आधी करा. केबलवर ठीक आणि मोबाइलवर रखडत असेल, तर प्लॅनवर पैसे घालू नका.

मग फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर हे अ‍ॅप टाका. आसपासचं कोणतं वायफाय कोणत्या चॅनलवर, म्हणजे हवेतल्या कोणत्या लेनमध्ये, बोलतंय ते त्यात दिसतं. ऐन गर्दीच्या वेळी बघा. मी पहिल्यांदा सकाळी बघितलं, तेव्हा समोरचा क्लासही बंद होता! वायफायचे मुख्य पट्टे दोन, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. 2.4 ला 1 ते 13 चॅनल दिसतात, पण दोघांत अंतर 5 मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येकाची रुंदी 20 ची. म्हणजे एकमेकांवर न चढणारे तीनच धरा: 1, 6, 11. माझे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे, पुढे त्यांना राउटरच म्हणतो) 6 वर होते, तिसरा "मोकळा दिसतोय" म्हणून मी 4 वर ठेवला होता. हाच घोळ. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचं बोलणं त्यांना नुसता गोंगाट वाटतो आणि तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो. शेजाऱ्यासोबत 6 वर दाटीवाटीने बसणं परवडलं, 4 नको.

2.4 वर रुंदी 20 च ठेवा. 40 केलीत तर जवळपास निम्मा पट्टा एकटा राउटर खातो.

जमतील तेवढे फोन 5 गिगाहर्ट्झवर न्या. तिथं 80 ची रुंदी घरात एका राउटरला ठीक आहे. तीन असतील तर 40 करा. माझे आता 36, 44 आणि 149 वर आहेत. 52 ते 144 मी टाळतो, कारण तिथं रडारचा संकेत दिसला की राउटरला चॅनल सोडावाच लागतो.

राउटरची सिग्नल पॉवर 'हाय' वरून 'मीडियम' वर आणा. हे मला पटायला वेळ लागला. राउटर कितीही ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच. जोरदार सिग्नल दिसतो म्हणून लांबच्या राउटरला धरून बसलेला फोन हळू बोलतो आणि तिकीट खिडकीवर सुटे पैसे मोजणाऱ्यासारखी सगळी रांग अडवतो. सेटिंगमध्ये 1, 2, 5.5, 11 एमबीपीएस हे जुने हळू वेगही बंद करा.

वायफायची नावं कमी ठेवा. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, तीही बहुधा सर्वांत हळू वेगात. माझ्याकडे चार नावं होती, त्यातलं 'पाहुणे' कुणी वापरतच नव्हतं. आता दोन आहेत. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि प्रिंटर केबलवर टाकले.

महिनाभराने प्लॅन परत 100 चा केला. अजून कुणी विचारलेलं नाही.