रेडवूडच्या जंगलात गोट्यांवर मुक्काम

उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवूड नॅशनल पार्कमध्ये रेडवूडच्या उंच झाडांखाली वाटेल तिथे तंबू ठोकू नका. त्यांची मुळं उथळ पसरलेली असतात आणि आपल्या वावरानं माती दबते. ठरलेल्या तळांबाहेर मुक्काम करायचा तर रेडवूड क्रीक या ओढ्याच्या पात्रातल्या गोट्यांवर, तोही पार्कचा मोफत परवाना काढून. मी उन्हाळ्यातच जाते. हिवाळी पावसाआधी तिथले हंगामी पूल काढून ठेवतात, मग प्रवाह ओलांडणं जिवावर बेतू शकतं.

जागा ठरवताना चार गोटे उचलून बघा. खालची वाळू ओली लागली तर आणखी वर सरका. गोट्यांत खुंट्या धरत नाहीत, म्हणून दोरीचे दोन वेढे मोठ्या दगडाला द्या आणि वर दुसरा जड दगड ठेवा. सह्याद्रीतल्या कातळावरही मी असाच तंबू बांधायचे. पहाटे धुक्यानं कापड निथळतं, स्लीपिंग बॅग त्याला टेकू देऊ नका.

खाणं, अगदी लोणचं आणि टूथपेस्टसुद्धा, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात भरून तंबूपासून लांब ठेवा. पाणी गाळून किंवा उकळूनच प्या. शौचाला पाण्यापासून २०० फूट दूर जा, ६ ते ८ इंच खड्डा करा, आणि कागद पिशवीत घालून परत आणा.