आईचा फोन असा सेट करा
आईला डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) आहे म्हणून ती कुठे आहे ते कळायला लगेच महागडी अ‍ॅप्स शोधत बसू नका, आधी तिला सांगून तिच्याच फोनमधलं गुगल मॅप्स उघडा, प्रोफाइल फोटोवर टॅप करा, लोकेशन शेअरिंगमध्ये 'बंद करेपर्यंत' निवडून तिचं लोकेशन तुमच्या फोनवर शेअर करा. नेट आणि बॅटरी मात्र हवीच. आमची आई ठाण्यात तलावपाळीला एकटीच निघून गेली तेव्हा चार्जिंग ४ टक्के होतं, मिळाली तेव्हा कठड्यावर बसून चणे खात होती! तेव्हापासून चार्जर देवघराशेजारच्या प्लगला असतो, दिवा लावला की फोनही चार्जिंगला लावते ती.

गोळीच्या अलार्मला टोन नको, स्वतःचा आवाज लावा: "आई, निळ्या डबीतली गोळी घे गं."

लॉक स्क्रीनवर तुमचा नंबर टाका. आणि १४५६७ सेव्ह करा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फुकट.